रंगुबाईंचा शब्द

१

बारामतीत भिगवण रस्त्यालगत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर संघपालची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, संगणक आणि कितीही पुसला तरी दुपारपर्यंत पुन्हा बसणारा पिठाचा पातळ थर. दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणारी एक लहानशी संस्था होती, तिचं काम तो बघायचा. सकाळी दहाला गिरणीवाला न्याहारीला जायचा. गिरणी थांबायची. तेवढ्या अर्ध्या तासाच्या शांततेत संघपाल ऐकायचं काम उरकून घ्यायचा.

त्याआधी तो तपासणी चालवायचा. मागं एकदा कुणीतरी एका आजोबांचं बोलणं कापून-जोडून गावभर फिरवलं होतं आणि ते बिचारे मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होते की मी असं बोललोच नाही. तेव्हापासून संघपालनं जावा या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला होता. तो प्रत्येक बोलणाऱ्यासाठी चाव्यांची एक जोडी तयार करायचा. खाजगी चावीनं रेकॉर्डिंगवर सही व्हायची, आणि सार्वजनिक चावीनं ती सही खरी की खोटी हे कुणालाही तपासता यायचं. रेकॉर्डिंगमधला अर्धा सेकंद जरी इकडचा तिकडं झाला तरी सही मोडायची. खाजगी चावी एका गुप्त शब्दानं कुलूपबंद करून, पेनड्राइव्हवर घालून, तो त्या माणसाच्याच हातात द्यायचा. तिची प्रत स्वतःकडं ठेवायचा नाही. गुप्त शब्द तर त्याला ठाऊकच नसायचा. म्हातारी माणसं एकेक अक्षर शोधून दाबत असली की तो उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहायचा. शेळगावच्या रंगुबाईंनी त्यासाठी पाऊण तास घेतला होता. प्रौढांच्या वर्गात चाळिशीत शिकलेली अक्षरं, एकही चुकू द्यायची नव्हती त्यांना.

त्या सोमवारी पडद्यावर नेहमीप्रमाणं ओळी उतरत गेल्या. नाव, रेकॉर्डिंगची लांबी आणि पुढं एकच शब्द, 'वैध'. एकशे चाळीस नावं, एकशे चाळीस वेळा वैध. तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याची नजर मधल्या एका ओळीवर अडकली. रंगुबाईंचं रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटं दहा सेकंदांचं होतं. ते त्यानं स्वतः अक्षरन् अक्षर टाईप केलं होतं, त्यामुळं आकडा पाठच होता.

पडद्यावर सत्तेचाळीस मिनिटं एक्कावन्न सेकंद दिसत होती. वैध.

२

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. संघपालनं कोड वाचला. तपासणी दुसऱ्या संगणकावर चालवली. नोंदवहीत छापून चिकटवलेल्या सार्वजनिक चावीशी फाईलमधली चावी ताडून बघितली. सगळं जुळत होतं. मग त्यानं रेकॉर्डिंगची एक प्रत काढली, तिच्यातला मुद्दाम एक सेकंद कापला आणि तपासली. अवैध. म्हणजे प्रोग्रॅम खोटं बोलत नव्हता. ते वाढलेले एकेचाळीस सेकंद रंगुबाईंच्या खाजगी चावीनंच सही केलेले होते.

खाली गिरणी थांबली. त्यानं कानाला हेडफोन लावला.

"झालं आता, लई बोलले," हे रंगुबाईंचं शेवटचं वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. त्यानंतर रेकॉर्डिंग संपायचं. आता ते संपलं नाही. पंख्याचा आवाज सुरू झाला, पातं कुठंतरी घासत असावं तसा, दर फेऱ्याला एक बारीक खट्. लांब कुठंतरी कोंबडी ओरडली. कुणीतरी भांडं घासून पालथं घातलं. मग रंगुबाईंचा आवाज, अगदी जवळून, थकलेला.

"जयवंता, तांब्या लांब हाय गं. हात पुरंना."

बस, एवढंच.

संघपालनं स्वतःला समजावलं की माईक चुकून चालू राहिला असेल. पण ते रेकॉर्डिंग अंगणात लिंबाखाली झालं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. तिथं पंखा नव्हता.

त्यानं शेळगावला फोन लावला. रंगुबाईंची सून जयवंता हिनं उचलला. आजी कशा आहेत, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. तीन आठवड्यांपूर्वी रंगुबाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. नुसतं 'आं' एवढंच येतं तोंडातून, ती म्हणाली. आतल्या खोलीत पंख्याखाली खाट टाकलीया.

३

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून निघाला. अंथुर्णं मागं टाकलं, दोन्ही अंगांना ऊस, आणि अकराच्या सुमाराला तो शेळगावात पोचला.

जयवंता पंचेचाळिशीची, काटक बाई. नवरा माळेगावच्या कारखान्यात कामाला, आठवड्यानं घरी यायचा. सासूला ती आत्या म्हणायची आणि तिचं सगळं एकटीच करायची. तिनं मधलं दार ढकललं आणि संघपाल आत जायच्या आधीच जागेवर थबकला. खोलीतला पंखा फिरत होता. दर फेऱ्याला खट्.

रंगुबाई नवारीच्या, सुती पट्ट्यांनी विणलेल्या खाटेवर पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तसेच, चटकन माणूस ओळखणारे. त्याला बघून त्या 'आं' म्हणाल्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी आलं. उशालगत खुंटीला त्यांची पानाची चंची लटकत होती. सुपारी, कात, चुन्याची डबी आणि त्यातच त्यानं दिलेला पेनड्राइव्ह. त्यानं तो लॅपटॉपला लावून बघितला. चावीची फाईल तयार झाली त्या दिवसानंतर कुणी उघडलेली नव्हती. घरात संगणक नव्हता, आणि गुप्त शब्द रंगुबाईंशिवाय कुणाला माहीत नव्हता.

पाण्याचा तांब्या खिडकीत होता. निरोगी डाव्या हातालाही पुरणार नाही इतका लांब.

त्यानं तो उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. रंगुबाईंनी तांब्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि बराच वेळ त्याच्यावरनं नजर काढली नाही.

४

त्यानंतर रेकॉर्डिंग रोज वाढू लागलं. कधी वीस सेकंद, कधी दोन मिनिटं. रोज वैध.

खरं तर त्यानं संस्थेला कळवायला हवं होतं. चावी रद्द करायची सोय त्यानंच प्रोग्रॅममध्ये ठेवली होती. रद्द केलेल्या चावीची कुठलीच सही पुढं धरली जात नाही, म्हणजे प्रश्न मिटला असता. पण त्याचा हात धजेना. त्याची आई दवाखान्यात शेवटचे आठ दिवस नळी घातलेल्या अवस्थेत होती. हवेत बोट फिरवून ती काहीतरी सांगत राहायची आणि ते त्याला अखेरपर्यंत कळलं नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून तो आपल्या गावी, कन्हेरीला परत आला होता तो तिच्यासाठीच. आता दुसऱ्या एका म्हातारीचं बोलणं आपल्या कानाशी येतंय आणि आपण ते तोडायचं, हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

म्हणून दहाला गिरणी थांबली की तो ऐकायचा आणि मग जयवंताला फोन करायचा. आजींच्या पाठीखाली घडी करून गोधडी घाला. सकाळचं ऊन डोळ्यावर येतंय, खिडकीला फडकं लावा. भाकरी नको झालीय, दुधात कुस्करून द्या. पहिल्या दोन-तीन वेळा जयवंतानं विचारलं की तुमाला कसं कळतंय. त्यानं माझ्या आईचं सगळं मी केलंय, असं सांगितलं. ते खरंच होतं. पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. त्याच्या फोनच्या वेळेला ती हातातलं काम टाकून बसायला लागली. रंगुबाईंची पाठ सोलवटत चालली होती ती भरून आली. चेहऱ्यावर थोडी तकाकी आली, असं जयवंता म्हणाली.

भीती कमी झाली होती असं नाही. पण कुणाच्या तरी उपयोगाची भीती असली की माणूस ती सोसतो.

५

महिनाभरानं एका गुरुवारी रेकॉर्डिंगमध्ये रंगुबाई जयवंताशी बोलत नव्हत्या.

"कोण गं तू? दोन दिस झालं बघतीया. पायाशी बसू नगं. पाय जड पडत्यात."

पंख्याचा खट् ऐकू येत राहिला, आणि त्याच्याखाली आणखी एक आवाज. बसलेलं माणूस जरा सरकलं की नवार कुरकुरते, तसा.

त्यानं फोन करून विचारलं की आजींना भेटायला कुणी येऊन बसतं का. जयवंता म्हणाली की कुणी न्हाय. दुपारचे दोन तास ती स्वतः रानात जाते तेवढंच. दाराला बाहेरून कडी असते.

शनिवारी रंगुबाईंचा आवाज खाली आला होता, शेजारणीशी बोलावं तसा.

"ती म्हणती, तुझा शब्द सांग. त्यो चावीचा, त्या दादाच्या पेटीत घातलेला. तेवढा सांगितलास की तुला तरास न्हाय. तुझ्यावतीनं मीच बोलीन म्हणती." मग थोडं थांबून, "लई दमले गं मी."

खाली गिरणी कधी सुरू झाली ते त्याला कळलं नाही.

रविवारी वाढ फक्त नऊ सेकंदांची होती. रंगुबाईंचा श्वास. नवारीची कुरकुर, या वेळी उशाच्या बाजूनं. आणि ओठ कानाला लावून सांगावं तशी एक कुजबूज, तीन-चार अक्षरांची. आवाज कितीही वाढवला तरी ती कळेना.

६

सोमवारी आवाज खणखणीत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"जयवंताला सांगा, मला आता बरं वाटत आहे. माझी चंची खुंटीवरून काढून पायाशी ठेवावी."

त्याला हायसं वाटलं. त्यानं लगेच फोन करून निरोप दिला. मग रोजच्यासारखं बोलणं टाईप करायला घेतलं आणि सवयीनं बोटांनी 'बरं वाटतंया' असं लिहिलं. ते खोडून त्यानं पुन्हा ऐकलं. वाटत आहे. काढून ठेवावी.

सत्तेचाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये रंगुबाई एकदाही 'आहे' म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडात तो शब्दच नव्हता.

त्यानं तपासणी चालवली. वैध. पुन्हा चालवली. वैध. चाव्यांच्या हिशेबानं ती बाई रंगुबाईच होती. शेवटी चावीला काय कळतं? ज्याच्याकडं शब्द, त्याची सही.

दुपार झाली तरी तो फाईलकडं बघत होता, तेवढ्यात लांबीचा आकडा बदलला. हे आजवर त्याच्या डोळ्यांदेखत कधी झालं नव्हतं. त्यानं वाढलेला तुकडा ऐकला.

"दुपारी घरी कुणी थांबण्याची गरज नाही. मधले दार लावून घ्या."

जयवंताचा फोन वाजत राहिला. एव्हाना ती रानात गेली असणार.

७

पाऊण तासात तो शेळगावात होता. बाहेरची कडी लावलेलीच होती. ती काढून तो आत गेला. मधलं दार पुरतं मिटलेलं होतं. एरवी जयवंता ते कधी लावत नसे, हाक ऐकू यावी म्हणून.

त्यानं ते ढकललं.

रंगुबाईंनी दोन्ही गुडघे पोटाशी घेतले होते. उजवा पाय निकामी होता, तो त्यांनी डाव्या हातानं ओढून धरला होता, पायथ्याशी काहीही लागू नये म्हणून. चंची उघडी होती. सुपाऱ्या, कात, चुन्याची डबी, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. पेनड्राइव्ह वेगळा, टोपण काढून. आणि पायथ्याची नवार खाली दबलेली होती, अंगापिंडानं भरलेलं माणूस बसावं इतकी.

तो बघत असतानाच ती सावकाश वर आली आणि ताठ झाली.

पळून जावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण रंगुबाई त्याच्याकडं बघत होत्या. तो खाटेच्या कडेनं उशाशी गेला, खाली बसला आणि लॅपटॉप उघडला. आधी त्यानं जुनी चावी रद्द केली. मग प्रोग्रॅम चालवून नवी जोडी तयार केली. पडद्यावर शब्द मागणारी रिकामी चौकट आली.

"आजी, नवा शब्द घाला," तो म्हणाला. "डाव्या हातानं. सावकाश. मी बघत न्हाय."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं, पण या वेळी खोलीबाहेर गेला नाही. रंगुबाईंनी डाव्या हातानं पदर ओढला आणि कळफलकावर आडवा धरला. संघपालच्या बाजूनं नव्हे, पायथ्याच्या बाजूनं. मग एक कळ वाजली. बराच वेळ काही नाही. मग दुसरी. मधे एकदा नवार कुरकुरली आणि कळ दाबणं थांबलं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि "मी हितंच हाय," एवढंच म्हटलं. मग पुन्हा कळ वाजली.

जयवंता परतली तेव्हा काम झालं होतं. त्यानं नवं रेकॉर्डिंग केलं. त्यात रंगुबाई दोनदा 'आं' म्हणाल्या. अकरा सेकंद. नवी चावी असलेला पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून त्यानं त्यांच्या गळ्यात घातला. जयवंताला सगळं सांगायचं धाडस त्याला झालं नाही. खाट बाहेरच्या खोलीत घ्या आणि हे गळ्यातनं काढू नका, एवढं तो म्हणाला. तिनं पायथ्याशी मांडलेली सुपारी बघितली, आपण ती मांडली नाही हे तिला ठाऊक होतं, आणि दोघांनी मिळून लगेच खाट हलवली.

८

जुन्या फाईलपुढं आता रोज 'रद्द' असं यायचं. ती आणखी तीन दिवस वाढली. त्यानं ऐकलं नाही. मग ती वाढायची थांबली. अकरा सेकंदांची नवी फाईल अकराच सेकंदांची राहिली. रंगुबाईंच्या डाव्या हातात जोर येत होता. ओठ हलायला लागले होते, अजून शब्द फुटत नव्हता.

अडीच आठवड्यांनी, सकाळी, जयवंताचा फोन आला.

"दादा, आत्या गळ्यातली ती चावी काढूच देईनात. दोरा मुठीत धरून बसल्यात. काय करू?"

"काढायला कशाला गेलात?"

"तुमीच की सांगितलं काल फोनवर. काढून पायाशी ठेवा म्हणला. लई पुस्तकी बोलत व्हता, मला वाटलं कुणी साहेब बसलाय जवळ."

"ताई, मी काल फोन केला न्हाय."

मग जयवंतानं विचारलं, अगदी शांतपणे, "मग आत्ता बोलतंय ते कोण?"

मी येतो, कुणी काही सांगितलं तरी काढू नका, दार लावून घ्या, एवढं सांगून तो निघाला. वाटेत अंथुर्ण्याला उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तो कडेच्या मातीतनं गाडी काढत गेला.

दाराला आतून कडी होती. त्यानं हाक मारली.

"कोण हाय?"

"मी हाय. संघपाल."

"कशावरनं?"

इतकी वर्षं त्यानं हेच काम केलं होतं. बोलणारा माणूस तोच आहे हे कागदावर, पडद्यावर, हव्या त्या ठिकाणी सिद्ध करून द्यायचं. त्या बंद दारासमोर त्याच्याजवळ द्यायला काहीच नव्हतं. आवाज तर कालच्याचाही त्याचाच होता.

"ते मला सांगता यायचं न्हाय, ताई," तो म्हणाला.

आत कुणीतरी जड जिभेनं, शब्द ढकलत ढकलत बोललं. अडीच-तीन महिन्यांनी तो आवाज कुठल्या फाईलमधून नाही, घरातून येत होता.

"त्योच... हाय."

कडी निघाली. दार हातभर उघडलं. जयवंतानं त्याचा चेहरा नीट निरखला आणि तिच्या डोळ्यांत ओळख आली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली, अंगणात, पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर आली, आणि परत अंगणातच थांबली.

"येकालाच," आतून रंगुबाई म्हणाल्या. "येकालाच आत घे."

संघपालनं मागं वळून बघितलं नाही. जयवंतानं त्याला दंडाला धरून आत ओढलं, कडी सरकवली आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. तो खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसला, त्या जागी, पुरी जागा अडवून. रंगुबाईंनी निकामी पाय डाव्या हातानं उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. पाय गार होता आणि जड. तो दोन्ही हातांनी चोळत राहिला.